टक्क्यांचा हिशेब, नाशिकच्या बाजारात: नव्याने घरखर्च हातात घेणाऱ्यांसाठी

दसरा-दिवाळी जवळ आली की मेन रोडपासून कॉलेज रोडपर्यंत दुकानांच्या काचांवर टक्केच टक्के दिसायला लागतात. ५० टक्के सूट. ५० अधिक २०. घडणावळीवर निम्मी सूट. शून्य टक्के व्याज. अंबड-सातपूरच्या कंपन्यांमध्ये नोकरीला लागून नुकतीच इथे आलेली मुलं, कॉलेजसाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुली, लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःचं घर चालवणारी जोडपी या पाट्या वाचतात आणि दुकानात शिरतात. मी एका कापड दुकानात बिलं आणि हिशेब बघते. गल्ल्यावर रोज दिसतं की चांगली शिकलेली माणसंसुद्धा टक्का आला की हिशेब सोडून देतात आणि दुकानदार सांगेल ती रक्कम देऊन मोकळी होतात. त्या सगळ्यांसाठी हा लेख आहे.

गुणाकार, भागाकार आणि एक प्रश्न, एवढीच तयारी लागते. प्रश्न असा: कशाचे टक्के? छापील किमतीचे, की सूट वजा करून राहिलेल्या रकमेचे? सोन्याच्या किमतीचे, की फक्त मजुरीचे? वर्षाचे, की महिन्याचे? खाली जितकी उदाहरणं आहेत, त्या प्रत्येकात फसगत होते ती याच जागी. गुणाकार चुकल्यामुळे फार थोडे पैसे जातात.

पायरी १: आधी १० टक्के काढा

कुठल्याही रकमेचे १० टक्के म्हणजे तिचा दहावा भाग. १,४५० चे १४५. २,८९० चे २८९. हे डोळ्यांनीच दिसतं. ५ टक्के म्हणजे त्याचं निम्मं, २० टक्के म्हणजे दुप्पट, १ टक्का म्हणजे शंभरावा भाग. बाकीचं सगळं यांच्या बेरजेतून येतं.

१,४५० चे १५ टक्के हवेत? १४५ अधिक ७२.५०, म्हणजे २१७.५०. १८ टक्के हवेत? २० टक्क्यांतून २ टक्के वजा करा: २९० वजा २९, म्हणजे २६१. तोंडी जमतं, आणि दोन-चार दिवस भाजी घेताना सराव केलात की वेगही येतो.

जुन्या पिढीतल्या माणसांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ असायची. ती टक्क्यांचीच कोष्टकं आहेत. पावकी म्हणजे २५ टक्के, निमकी ५०, पाऊणकी ७५. सवायकी म्हणजे मूळ रक्कम अधिक २५ टक्के, दिडकी म्हणजे अधिक ५०. घरात कुणाला येत असतील तर जरूर शिकून घ्या. आण्यांचा हिशेबही तसाच: रुपयात दोन आणे म्हणजे साडेबारा टक्के, चार आणे म्हणजे २५. आजी ‘रुपयाला चार आणे सुटले’ म्हणाली, तर तिने २५ टक्के सूट मिळवलेली असते.

आणखी एक युक्ती, जी शाळेत फार कमी ठिकाणी सांगतात. टक्का आणि रक्कम यांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच येतं. ५० रुपयांचे १८ टक्के आणि १८ रुपयांचे ५० टक्के, दोन्ही ९ रुपये. २५ चे ३६ टक्के काढायला जड जातात, पण ३६ ची पावकी ९ हे लगेच सुचतं.

पायरी २: सूट मोजू नका, उरलेली किंमत मोजा

३० टक्के सूट असेल तर तुम्ही ७० टक्के देणार आहात. मग थेट ७० टक्केच काढा. १,२०० चा शर्ट: दहावा भाग १२०, सात पट ८४०. सूट किती हे काढून मग वजाबाकी करण्याची गरज नाही, आणि चुकायची एक जागा कमी होते.

ही सवय लागली की ‘५० अधिक २०’ची पाटी सहज उलगडते. आमच्या दुकानात दिवाळीला याच पाटीवरून सगळ्यात जास्त प्रश्न येतात. लोक ७० टक्के सूट धरून येतात. पहिले ५० टक्के छापील किमतीवर असतात, पुढचे २० मात्र उरलेल्या निम्म्या किमतीवर. २,४०० चा ड्रेस आधी १,२०० ला येतो, मग १,२०० चे ८० टक्के म्हणजे ९६०. एकूण सूट १,४४०, म्हणजे ६० टक्के. ७० टक्के धरून आलेल्या माणसाच्या मनात किंमत ७२० असते, आणि २४० रुपयांचा फरक त्याला बिल झाल्यावर कळतो. यात दुकानाने खोटं काही लिहिलेलं नसतं. पण पाटी तशी का लिहिली जाते, हे समजून घेतलेलं बरं.

दोन टक्के एकावर एक आले तर त्यांचा क्रम बदलल्याने फरक पडत नाही. आधी २० आणि मग ५० लावले तरी ९६०च. ठरावीक रुपयांचं कूपन असेल तेव्हा मात्र क्रम बघावा लागतो. २,४०० वर २० टक्के सूट आणि २०० रुपयांचं कूपन असं दोन्ही आहे. आधी टक्के लावले तर १,९२०, त्यातून २०० गेले, १,७२० उरले. आधी कूपन वजा केलं तर २,२०० चे ८० टक्के, म्हणजे १,७६०. टक्के आधी आणि रुपये नंतर, हा क्रम गिऱ्हाइकाच्या फायद्याचा. विचारून बघा, बरेच दुकानदार ऐकतात.

फुकटच्या योजनांचे टक्केही असेच काढायचे. एकावर एक फुकट म्हणजे ५० टक्के सूट, तीही दोन्ही वस्तू खरोखर हव्या असतील तरच. दोनवर एक फुकट म्हणजे तीनातली एक, साधारण ३३ टक्के. ‘२५ टक्के जास्त माल’ असं चिवड्याच्या पाकिटावर लिहिलेलं असेल तर ती २५ टक्के सूट नव्हे. ४०० ग्रॅमच्या पैशांत ५०० ग्रॅम मिळाले, म्हणजे ५०० पैकी १०० फुकट, सूट २० टक्के. याच्या उलटही होतं आणि ते कुणी पाटीवर लिहीत नाही: पाकिटाची किंमत तीच राहते, आतला माल १०० ग्रॅमवरून ८५ वर येतो. माल १५ टक्क्यांनी घटतो, पण ग्रॅममागे किंमत साडेसतरा टक्क्यांहून जास्त वाढते. म्हणून पाकिटाची किंमत बघू नका, १०० ग्रॅमला किती पडले ते बघा.

‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ यातला ‘पर्यंत’ बारीक अक्षरात असतो. ५० टक्के कोपऱ्यातल्या दोन रॅकवर असतात, बाकी मालावर १० किंवा १५. आत शिरताना विचारून घ्या.

पायरी ३: वाढ आणि घट एकमेकांना फिटत नाहीत

हे नीट समजून घ्यायला पाच मिनिटं द्या, कारण इथे अंदाज हमखास चुकतो.

१,००० रुपयांच्या वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढवली, १,२०० झाली. मग २० टक्के सूट दिली. १,२०० चे २० टक्के २४०, किंमत ९६०. २० वर गेले, २० खाली आले, तरी ४ टक्क्यांचा फरक राहिला, कारण दुसऱ्या वेळचे २० टक्के मोठ्या रकमेचे होते. आता समजा एखाद्याने १०,००० ची साडी आधी ४० टक्क्यांनी चढवून १४,००० ची केली आणि त्यावर ३० टक्के सूट लावली. बिल ९,८०० चं होतं. खरी सूट २ टक्के. येवल्याला पैठणी घ्यायला जाताना हा हिशेब डोक्यात असू द्या: सूट किती यापेक्षा, तशीच वीण, तसाच काठ-पदर असलेली साडी शेजारच्या दोन घरांत शेवटी कितीला मिळते, हे विचारा. यंत्रमागाची आणि हातमागाची तुलना करू नका, त्यांच्या किमतींचा एकमेकींशी संबंध नाही.

हाच नियम नाशिककरांच्या घरात दरवर्षी कांद्याच्या निमित्ताने येतो. उन्हाळ कांदा एप्रिल-मे मध्ये निघतो, टिकतो, म्हणून अनेक घरं तेव्हाच गोणी भरून ठेवतात. समजा ५० किलोची गोणी २२ रुपये किलोने, १,१०० ला घेतली. दिवाळीपर्यंत सडून, कोंब फुटून, वजन आटून २० टक्के गेला. हातात ४० किलो राहिला. १,१०० भागिले ४०, म्हणजे खाल्लेला कांदा २७.५० रुपये किलो पडला. माल २० टक्के घटला आणि भाव २५ टक्के वाढला, सवायकी झाली. ३० टक्के गेला तर भाव साधारण ४३ टक्क्यांनी चढतो, निम्मा गेला तर थेट दुप्पट. तेव्हा गोणी भरायची की लागेल तसा आणायचा, याचं उत्तर घरी जागा कशी आहे यावर अवलंबून असतं. हवेशीर गच्ची, खाली लाकडी फळ्या, पसरून ठेवायची सोय असेल आणि घट २० टक्क्यांच्या आत राहत असेल, तर दिवाळीच्या सुमाराला बाजारात कांदा २७-२८ च्या वर गेला की तुमचा फायदा सुरू होतो. फ्लॅटच्या बंद बाल्कनीत गोणी तशीच बांधून ठेवणार असाल तर महिन्याला पाच किलोच आणा. आणि लाल कांदा भरून ठेवायचा विचार करू नका, तो टिकणारा नाही.

घट मोजायची ही रीत पालेभाजी, मटार, नारळ, मासळी सगळ्याला लागू पडते. मटार सोलून निम्मेच दाणे निघाले तर दाण्यांचा भाव शेंगांच्या दुप्पट. पेढे घेताना खोक्यासकट तोललेले नाहीत ना, हे बघा. ६० ग्रॅमचं खोकं ५०० ग्रॅमच्या वजनात धरलं तर १२ टक्के पुठ्ठा घेतलात. वजन मालाचंच करायचं, असा नियम आहे.

पायरी ४: भाडं, एसटी आणि वर्षानुवर्षांची वाढ

पाथर्डी फाटा किंवा इंदिरानगरला खोली घेतलीत आणि करारात ‘दर वर्षी १० टक्के वाढ’ लिहिलं आहे. आज ८,००० भाडं. पुढच्या वर्षी ८,८००, त्यानंतर ९,६८०, मग १०,६४८. तीन वेळा १० म्हणजे ३० टक्के वाटतात, प्रत्यक्षात ३३.१ होतात. प्रत्येक वर्षीचे १० टक्के आदल्या वर्षीच्या वाढलेल्या भाड्याचे असतात. ‘मूळ भाड्यावर दर वर्षी ८०० रुपये’ असं लिहून घेता आलं तर तिसऱ्या वाढीनंतर महिन्याला २४८ रुपये वाचतील. घरमालक तयार होईलच असं नाही, पण विचारायला हरकत नसते.

वाढ आणि सवलत एकत्र आली की काय होतं, याचं चांगलं उदाहरण एसटीच्या तिकिटात आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट लागू झालं. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. ठक्कर बाजारवरून सुटणाऱ्या एखाद्या गाडीचं जुनं भाडं समजा २०० होतं. वाढून साधारण २३० झालं, महिलेला अर्धं, ११५. आधी २०० मोजणाऱ्या बाईचा खर्च किती कमी झाला? ५० तून १५ गेले, ३५ टक्के, असं पटकन वाटतं. २०० चे ११५ झाले, म्हणजे ८५ वाचले, साडेबेचाळीस टक्के. टक्क्यांची आपसात बेरीज-वजाबाकी करायची नाही, रुपयांवर एकेक लावत जायचं.

पायरी ५: जीएसटी, आत आहे की बाहेर

जीएसटी १ जुलै २०१७ पासून आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे रद्द झाले आणि बहुतेक वस्तू ५ किंवा १८ मध्ये आल्या. काही मोजक्या वस्तूंवर ४०, सोन्यावर ३, आणि पुष्कळ ताज्या अन्नधान्यावर काहीच नाही. घर चालवणाऱ्याने ५ आणि १८ हे दोन आकडे लक्षात ठेवले तरी भागतं.

आता महत्त्वाचं. पाकिटावर किंवा खोक्यावर छापलेली एमआरपी सगळे कर धरून असते. तिच्यावर जीएसटी लावता येत नाही. मिक्सरची एमआरपी ४,७२० आहे. दुकानदार म्हणाला, ‘१० टक्के सूट देतो, जीएसटी वेगळा’. ४,७२० वजा ४७२ म्हणजे ४,२४८. त्यावर १८ टक्के लावले की ५,०१२.६४ रुपये होतात. सूट घेऊन एमआरपीपेक्षा साधारण २९३ रुपये जास्त! एमआरपीपेक्षा जास्त घेणं बेकायदेशीर आहे. हे बिल घेऊ नका.

त्या ४,७२० मध्ये कर किती आहे, हे काढताना अनेक जण ४,७२० चे १८ टक्के काढतात आणि ८४९.६० असं चुकीचं उत्तर मिळवतात. १८ टक्के मूळ किमतीवर लागले आहेत. मूळ १०० असेल तर करासकट ११८. म्हणून ४,७२० ला ११८ ने भागा आणि १०० ने गुणा: ४,०००. कर ७२०. सूट वजा झालेल्या किमतीवरून मूळ किंमत काढायची रीतही हीच. २० टक्के सुटीनंतर ८०० दिले, म्हणजे ८०० हे मूळच्या ८० टक्के आहेत. ८०० भागिले ८०, गुणिले १००, मूळ किंमत १,०००.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरबद्दल इथेच सांगते. १,००० − २० % दाबलं की ८०० येतं, ते बरोबर. पण ४,७२० − १८ % दाबून मूळ किंमत मिळत नाही. त्यासाठी ४,७२० ÷ १.१८ करायचं. ५ टक्क्यांसाठी १.०५ ने भागायचं. टेबलावरच्या जुन्या पद्धतीच्या कॅल्क्युलेटरवर टक्क्याचं बटण वेगळं चालतं, त्यामुळे एकदा १०० सारख्या सोप्या आकड्यावर तपासून मगच विश्वास ठेवा.

हॉटेलच्या बिलावर सीजीएसटी २.५ आणि एसजीएसटी २.५ अशा दोन ओळी असतात. ते दोन वेगळे कर नाहीत, एकाच ५ टक्क्यांचे केंद्र आणि राज्य असे दोन वाटे आहेत. गंगापूर रोडला चौघांनी मिसळ, पापड, दही, ताक असं ८४० चं खाल्लं तर कर ४२, बिल ८८२. त्यात १० टक्के सेवा शुल्क धरलेलं असेल तर ८४० चे आधी ९२४ होतात आणि कर त्या ९२४ वर लागतो, बिल ९७०.२०. हे शुल्क ऐच्छिक आहे. बिलात ते आपोआप जोडू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. काढायला सांगितलं तर काढावं लागतं. वाढप्याला द्यायचं असेल तर ते त्याच्या हातात द्या, मला तरी तेच योग्य वाटतं.

काही लहान व्यावसायिक कंपोझिशन योजनेत (लहान व्यवसायांसाठी जीएसटी भरायची सोपी पद्धत) असतात, त्यांच्या बिलावर तसं छापलेलं असतं. त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. अशा बिलात कराची ओळ दिसली तर विचारा.

पायरी ६: सराफ बाजार

सोन्याच्या बिलात चार-पाच ठिकाणी टक्के येतात आणि रक्कम मोठी असते, म्हणून इथे घाई करायची नाही. कागद-पेन घेऊन बसा. सराफाला त्याचं काही वाटत नाही.

पहिला टक्का शुद्धतेचा. दागिन्यावर ९१६ असा शिक्का असतो, म्हणजे त्यात ९१.६ टक्के सोनं आहे, ते २२ कॅरेट. ७५० म्हणजे ७५ टक्के, १८ कॅरेट. भाव विचारताना तो २४ कॅरेटचा की २२ चा, हे स्पष्ट करून घ्या. २४ कॅरेटचा भाव १०० धरला तर २२ चा साधारण ९१.६ असायला हवा. जुनं सोनं मोडीत देताना हेच उलट होतं: २२ कॅरेटच्या १० ग्रॅममध्ये ९.१६ ग्रॅम शुद्ध सोनं असतं, १८ कॅरेटच्या १० ग्रॅममध्ये साडेसात. त्यातून घट म्हणून आणखी किती टक्के कापणार, हे मोड वितळवण्याआधी विचारायचं.

दुसरा टक्का घडणावळीचा. हिशेबाला सोपं म्हणून २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० धरू. ८ ग्रॅमच्या मंगळसूत्राच्या वाट्या आणि साखळी, सोन्याची किंमत ८०,०००. घडणावळ १२ टक्के, ९,६००. बेरीज ८९,६००. त्यावर ३ टक्के जीएसटी, २,६८८. एकूण ९२,२८८.

बाहेर पाटी आहे: ५० टक्के सूट. खाली लहान अक्षरांत, घडणावळीवर. मग ९,६०० चे ४,८०० झाले. ८४,८०० वर जीएसटी २,५४४, बिल ८७,३४४. वाचले ४,९४४ रुपये. मूळ बिलाच्या मानाने हे साडेपाच टक्क्यांहूनही कमी आहेत. वाईट नाही, जरूर घ्या. पण शेजारच्या पेढीवर सूट नसताना घडणावळच ६ टक्के असेल तर दोन्ही बिलं एकसारखीच येतील. आणि पलीकडे ५ टक्के असेल तर पाटी नसलेलं दुकान स्वस्त. दोन दुकानांची तुलना करताना सुटीचे टक्के बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: आजच्या भावाने, सगळं धरून, ग्रॅममागे किती पडतं? खड्याचे किंवा मीनाकामाचे दागिने असतील तर खड्यांचं वजन सोन्यात धरलेलं नाही ना, तेही बघा. ८ ग्रॅमच्या दागिन्यात अर्धा ग्रॅम खडे सोन्याच्या भावाने लागले तर साडेसात ग्रॅम सोन्याच्या किमतीवर साडेसहा टक्क्यांहून थोडे जास्तच वाढीव पैसे दिलेत.

पायरी ७: दरमहा की दरसाल

महावितरणच्या घरगुती बिलात वीज शुल्क १६ टक्के असतं. ते स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार वगैरेंच्या बेरजेवर लागतं. ही बेरीज १,५०० असेल तर २४०. त्यामुळे युनिट वाचवले की त्यांच्यावरचे १६ टक्केही वाचतात. मुदत चुकली तर सव्वा टक्का विलंब आकार पडतो. २,००० च्या बिलावर २५ रुपये ऐकायला किरकोळ आहेत, पण ते काही दिवसांच्या उशिराचे आहेत.

स्वतःचं घर असेल तर महापालिकेच्या घरपट्टीची थकबाकी दर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, ओढवून घेते. ६,००० थकले की महिन्याला १२०, वर्षाला १,४४०, म्हणजे २४ टक्के. याउलट आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला, एप्रिलमध्ये भरली तर सवलत सगळ्यात जास्त, मे-जूनमध्ये कमी होत जाते. त्या वर्षीची टक्केवारी बघून एप्रिलमध्येच भरून टाका. मुदत ठेव मोडून घरपट्टी भरली तरी परवडतं.

खासगीत पैसे घेताना ‘शेकडा दोन’ म्हणतात, ते महिन्याचे दोन असतात. वर्षाचे २४ झाले. बँकेतले ११ किंवा १२ टक्के वर्षाचे असतात. अनेक जण २ आणि ११ यांची तुलना करून २ घेतात, आणि हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण असं कर्ज बहुतेक वेळा दवाखान्यासाठी किंवा मुलांच्या फीसाठी, अडलेल्या माणसानेच काढलेलं असतं. बारा ने गुणल्याशिवाय होकार देऊ नका.

दुचाकी किंवा फ्रिज हप्त्याने घेताना ‘१० टक्के फ्लॅट’ असं सांगतात. ६०,००० चं कर्ज, दोन वर्षं, वर्षाला १० टक्के म्हणजे ६,०००, दोन वर्षांचे १२,०००. एकूण ७२,०००, महिन्याला ३,०००. हिशेब चोख वाटतो. पण पहिल्या हप्त्यापासून तुम्ही मुद्दल फेडत आहात. वर्षभराने निम्म्याच्या आसपास कर्ज फिटलेलं असतं, तरी व्याज पूर्ण ६०,००० वरच चालू असतं. बँका ज्या घटत्या शिलकीवर व्याज लावतात, त्या पद्धतीने बघितलं तर हे सुमारे १८ टक्के होतात. म्हणून फ्लॅटचा दर ऐकला की दुपटीपेक्षा थोडा कमी असा खरा दर धरा. शून्य टक्के हप्त्यातही प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असू शकतो, शिवाय रोखीने घेतल्यावर मिळणारी सूट जाते. दोन्ही रकमा रुपयांत लिहून मांडा: रोखीने आज एकूण किती, हप्त्याने शेवटपर्यंत एकूण किती.

ठेवीचा दर साडेसहावरून सातवर गेला तर ‘अर्धा टक्का वाढला’ म्हणतात. २ लाखांवर वर्षाला १३,००० चे १४,००० होतात, म्हणजे तुमचं व्याज पावणेआठ टक्क्यांच्या जवळपास वाढलं. दोन्ही विधानं खरी आहेत, एक दराबद्दल आहे आणि दुसरं रुपयांबद्दल.

बिलात चूक सापडली तर

गल्ल्यावरून हलण्याआधी तीन ओळी बघा: मूळ रक्कम, सूट कशावर लावली, कर कशावर लावला. चूक दिसली तर शांतपणे आकडा दाखवून सांगा. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक चुका घाईत चुकीची योजना निवडल्यामुळे झालेल्या असतात आणि तिथल्या तिथे दुरुस्त होतात. छापील बिल मागून घ्या, कच्च्या चिठ्ठीवर पुढे काहीच करता येत नाही. दुकान ऐकत नसेल, एमआरपीपेक्षा जास्त घेतलं असेल किंवा सेवा शुल्क काढायला नकार दिला असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. मराठीतून बोलता येतं. बिलाचा फोटो, तारीख आणि तुम्ही काढलेला बरोबर हिशेब रुपयांत लिहून जवळ ठेवा.